जास्तीची तिकिटं

२६ जुलै २००५च्या पावसाला तीन दिवस झाले होते. कलिन्यात तळमजल्यावर राहणाऱ्या ओळखीच्या काकांकडे मी गेलो, तेव्हा त्यांच्या दारात गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या आणि आतून चिखलाचा वास येत होता. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, हा आकडा पुढे सगळ्या मुंबईच्या तोंडी बसला. काकांच्या घरी त्याचा अर्थ एवढाच, की पाणी पलंगाच्या वर चढलं होतं आणि पलंगाखालच्या ट्रंकेत तीस वर्षांची पोस्टाची तिकिटं होती.

काकांची पद्धत ठरलेली होती. नवं तिकीट निघालं की फोर्टात जनरल पोस्टाच्या फिलाटेली काउंटरवर जायचं, एक तिकीट अल्बमसाठी घ्यायचं आणि एक अख्खं शीट पोरांच्या भविष्यासाठी. अल्बम कपाटात, शीटं ट्रंकेत. आता त्या शीटांची एक वीट झाली होती. डिंक विरघळून पुन्हा सुकला होता, आणि शेकडो कागद एकमेकांना असे चिकटले होते, की कडेने बघितलं तर रंगीत पट्ट्यांची साबणवडी वाटावी. काकूंनी बादलीत कोमट पाणी आणून दिलं. आम्ही दोघांनी वीट त्यात सोडली आणि एकेक पदर सुटेल तसा वर्तमानपत्रावर पसरत गेलो. पाण्याला दुधासारखा रंग आला. तो सगळा डिंक. डिंक गेला की तिकीट कोरं राहत नाही आणि शिक्का नसल्यामुळे वापरलेलंही ठरत नाही. डीलर त्याला हात लावत नाहीत.

मला वाटलं काका कोसळतील. पण ते म्हणाले, "अल्बम वाचले ना, बास. ह्या शीटांचं काय वाटणार? घेतली, ट्रंकेत टाकली. मी कधी नीट बघितलीसुद्धा नाहीत."

संग्रहालयांच्या जास्तीच्या तिकिटांविषयी वाचताना मला काकांचं हे वाक्य दर वेळी आठवतं. कोणत्याही संग्रहात ‘जास्तीचं’ काय असतं? जे दोनदा आलं आहे ते, की जे कुणी एकदाही बघितलेलं नाही ते?

संग्रहालयात एकाच तिकिटाच्या इतक्या प्रती येतात कुठून, ते आधी बघू. टपाल संग्रहालय मूर्तींच्या संग्रहालयासारखं नसतं. मूर्ती एक असते. तिकीट जन्मालाच लाखांनी येतं. इंग्लंडातल्या १८४०च्या पेनी ब्लॅकच्या प्रती सहा कोटी ऐंशी लाखांच्या वर छापल्या गेल्या. शीटमध्ये २४० तिकिटं, बारा-बाराच्या वीस ओळी, कारण बारा पेन्सांचा शिलिंग आणि २४० पेन्सांचा पौंड. काउंटरवरच्या कारकुनाला हिशेब सोपा जावा म्हणून. प्लेट पसंत झाली की त्या प्लेटवरचं एक शीट पुरावा म्हणून सरकारदप्तरी राखून ठेवायचं, असा तिथला रिवाज होता. ती दप्तरं पुढे टपाल संग्रहालयांकडे आली. म्हणजे ज्याची एक कोरी प्रत मिळवायला संग्राहकाचं आयुष्य जातं, ती तिकिटं तिथे शीटच्या शीट पडून असतात.

दुसरी वाट बर्नहून येते. १८७४ साली जागतिक टपाल संघ स्थापन झाला आणि भारत १ जुलै १८७६ला त्यात सामील झाला. सभासद देशांनी आपलं प्रत्येक नवं तिकीट संघाच्या बर्नच्या कचेरीकडे पाठवायचं आणि कचेरीने ते बाकीच्या देशांना वाटायचं, ही प्रथा १८७९पासून सुरू झाली. हेतू साधा होता: परदेशातून आलेल्या पत्रावरचं तिकीट खरं की खोटं, हे इथल्या टपाल खात्याला ओळखता यावं. पण त्यामुळे जगातल्या प्रत्येक टपाल खात्याच्या कपाटात जगातल्या प्रत्येक देशाची तिकिटं साचत गेली. पुढे देणगीदार आले. एखादा संग्राहक वारला, मुलांना त्यात रस नव्हता, अल्बम संग्रहालयाला दिले. त्यात निम्मी तिकिटं संग्रहालयाकडे आधीच होती. बंद पडलेल्या टपाल खात्यांचा उरलेला माल ही आणखी एक वाट. आपल्याकडे संस्थानांची तिकिटं १९५०मध्ये चलनातून गेली. निजामाच्या हैदराबादची तिकिटं आपल्या मराठवाड्यात चालत, त्यांच्यावर किंमत मराठीतही छापलेली असे. त्यांतल्या शेवटच्या काळातल्या साध्या तिकिटांचे कोरे ब्लॉक आजही स्वस्तात मिळतात.

एवढा कागद सांभाळणं सोपं नसतं. मुंबईच्या हवेत तर मुळीच नाही. पावसाळ्यात डिंक ओला होतो, उन्हाळ्यात तडकतो, कागदावर तपकिरी ठिपके उठतात, कसर लागते. राखायचं तर वातानुकूलित खोली, आम्ल नसलेला कागद आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक पान उलटून बघणारा माणूस हवा. या तिन्हींत तो माणूस मिळणंच सगळ्यात कठीण. म्हणून ‘आमच्याकडे दोन आहेत, एक विकू’ असं एखादं संग्रहालय म्हणतं, तेव्हा मी लगेच त्याला बोल लावत नाही. कुजवण्यापेक्षा विकणं बरं. प्रश्न विकण्याच्या आधीचा आहे. ती दोन खरंच ‘दोन’ आहेत का?

त्यासाठी भारताच्या पहिल्या तिकिटांकडे जरा जवळून बघावं लागेल. १८५४ साली कलकत्त्यात सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत, नकाशे छापायच्या दगडांवर, कॅप्टन थुइलिये यांच्या देखरेखीखाली ही तिकिटं छापली गेली. अर्ध्या आण्याचं निळं तिकीट, ९६ तिकिटांचं शीट, वर तरुण व्हिक्टोरिया राणीचं डोकं. मूळ चित्रावरून खास कागदावर ठसे काढायचे आणि ते ठसे एकेक करून दगडावर उतरवायचे, अशी रीत. प्रत्येक ठसा उतरताना काही ना काही घडे: कुठे रेघ तुटे, कुठे केसांच्या अंबाड्याजवळ बारीक ठिपका येई, कुठे चौकटीचा कोपरा चेपे. भिंग धरून बघणाऱ्याला त्या खुणांवरून सांगता येतं, की हे तिकीट शीटमध्ये कितव्या ओळीतलं, कितवं आणि कोणत्या दगडावरचं. अशा अभ्यासकाच्या लेखी त्या शीटमध्ये ९६ वेगळी तिकिटं आहेत. वजनमापाने बघणाऱ्याच्या लेखी एक तिकीट आहे आणि ९५ जास्तीची.

त्याच वर्षीचं चार आण्यांचं तिकीट दोन रंगांत होतं. तांबडी चौकट एकदा, निळं डोकं दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी कागद उलटा गेला आणि राणी खाली डोकं वर पाय झाली. आज अशी जेमतेम तीसच्या आसपास तिकिटं जगात माहीत आहेत आणि ती भारतीय तिकिटांतल्या सर्वांत मौल्यवानांत गणली जातात. पण ही चूक संग्राहकांच्या ध्यानात आली १८७४मध्ये, लंडनच्या एका सभेत. वीस वर्षं ती तिकिटं पत्रांवर फिरली, शिक्के खाऊन आली, कुणी कात्री घेऊन अष्टकोनी कापली, कुणी चिकटवून ठेवली. वीस वर्षं कुणी बघितलंच नाही. त्या वीस वर्षांत एखाद्या दप्तरदाराने ‘चार आण्यांची खूप झाली’ म्हणून गठ्ठा काढून टाकला असता, तर त्यात काय गेलं हे त्याला कधी कळलंही नसतं.

म्हणून ‘डुप्लिकेट’ या शब्दाची मला भीती वाटते. तो शब्द संग्रहालयाच्या नोंदवहीतून येतो. नोंदवहीत देश, साल, किंमत आणि रंग एवढे रकाने असतात. तेवढेच रकाने जुळले की दोन वस्तू सारख्या ठरतात.

आता लंडनची हकीकत, कारण या बाबतीत तिच्याइतकी बोलकी दुसरी नाही. तिथल्या ब्रिटिश पोस्टल म्युझियम अँड आर्काइव्ह या संस्थेला स्वतःची धड जागा नव्हती. नव्या संग्रहालयासाठी पैसा उभा करायचा होता. संस्थेने संग्रह तपासला, ज्यांच्या एकाहून अधिक प्रती आहेत असं साहित्य वेगळं काढलं आणि २०१३च्या जुलैमध्ये सदबीजच्या लिलावात ठेवलं. अपेक्षा लाखो पौंडांची होती. लिलाव झाला, आणि बहुतेक गठ्ठ्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही.

का मिळालं नाही, याचं माझ्या परीने उत्तर असं. दुर्मीळ तिकिटाची किंमत त्या तिकिटात नसते. ‘असं दुसरं फारसं नाही’ या खात्रीत असते. ही खात्री संग्राहक वर्षानुवर्षं जमवतो: लिलावांच्या याद्या वाचून, प्रदर्शनांतल्या चौकटी बघून, एकमेकांना विचारून. कुणाकडे चार तिकिटांचा ब्लॉक असतो आणि तो जगातला बहुधा एकमेव आहे असं सगळे धरून चालतात. अशा वेळी संग्रहालयातून अर्धं शीट बाहेर येतं. ब्लॉकवाल्याच्या हातातून काहीच गेलेलं नसतं, पण त्याचं काहीतरी गेलेलं असतं. आणि जो नवा विकत घेणार, त्याच्या मनात दुसरीच शंका येते: आज अर्धं शीट आलं, उरलेलं अर्धं आत आहे, उद्या पुन्हा गरज पडली तर? संग्रहालय विकायला निघालं, की प्रत्येक गिऱ्हाइकाला संग्रहालयाच्या कपाटाचं दार उघडं दिसायला लागतं. ते संग्रहालय पुढे २०१७ साली उभं राहिलं, जुन्या भुयारी टपाल रेल्वेसह, आणि लोक आवडीने तिथे जातात. पण पैसा मुख्यतः तिकिटं विकून आला नाही.

त्याच शहरात बारा वर्षं आधी एक विक्री सुरळीत पार पडली होती. ब्रिटिश राजघराण्याच्या तिकिटसंग्रहाला ‘कर्ककुब्री कव्हर’ म्हणून ओळखलं जाणारं पाकीट हवं होतं. पेनी ब्लॅक चलनात आल्याच्या पहिल्याच दिवशी, ६ मे १८४०ला शिक्का पडलेलं, वर दहा तिकिटं. किंमत अडीच लाख पौंड. २००१ मध्ये संग्रहातल्या दुबार तिकिटांपैकी काही विकून ते पाकीट घेतलं गेलं. विकलं काय आणि घेतलं काय, दोन्ही लोकांसमोर होतं. तिकिटांचा पैसा तिकिटांतच राहिला. २०१३च्या विक्रीत तो इमारतीकडे जाणार होता. इमारत गरजेची होतीच, पण संग्राहकाच्या मनाला हा फरक चटकन कळतो. सोन्याच्या पाटल्या मोडून मुलीचं मंगळसूत्र केलं तर घरात कुणी बोलत नाही. पाटल्या मोडून घराला रंग काढला, तर आजी चार वर्षं काढते ते.

संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे आयकॉमच्या, आचारसंहितेत जवळजवळ हाच न्याय लिहिलेला आहे. संग्रहातली वस्तू काढायची तर आधी दुसऱ्या संग्रहालयाला विचारा. मिळालेला पैसा संग्रहाच्याच भल्यासाठी, शक्यतो नव्या वस्तूंसाठी वापरा. संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ती वस्तू विकत घेऊ नये. काय काढलं, का काढलं, कुठे गेलं याची पूर्ण नोंद ठेवा. या सगळ्यात मला शेवटचा नियम सर्वांत मोलाचा वाटतो, आणि पाळायला सर्वांत सोपा असूनही तोच आधी सुटतो.

विक्रीची बातमी आली की संग्राहक एका सुरात ओरडत नाहीत. ज्यांनी पैसा गुंतवलेला असतो ते भावाचं बोलतात; ‘बाजार बसणार’ हे त्यांचं पहिलं वाक्य. वयस्क संग्राहक वेगळंच विचारतात: मग मी माझे अल्बम कुणाला द्यायचे? आयुष्यभर जमवलेलं संग्रहालयाला द्यावं, खाली बारीक अक्षरात नाव यावं, एवढी एक इच्छा अनेकांची असते. थॉमस टॅपलिंग नावाच्या इंग्रज संग्राहकाने १८९१ साली आपला सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला मृत्युपत्राने दिला. तो आजही ब्रिटिश लायब्ररीत अखंड आहे आणि टॅपलिंगच्याच नावाने ओळखला जातो. फिलिप फेरारीचं नशीब उलटं. त्या काळातला जगातला सर्वांत मोठा तिकिटसंग्रह त्याने बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला लिहून ठेवला. १९१७ मध्ये तो वारला, महायुद्ध चालू होतं, संग्रह पॅरिसमध्ये होता. फ्रेंच सरकारने तो शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला आणि १९२१ ते १९२६ या काळात चौदा लिलावांत विकला. ब्रिटिश गयानाचं एका सेंटचं किरमिजी तिकीट, ज्याची दुसरी प्रत जगात माहीत नाही, तेही त्यातच गेलं. पण एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. एवढा प्रचंड माल बाजारात येऊनही बाजार बसला नाही, कारण तो पाच वर्षं हप्त्याहप्त्याने आला आणि मागे काही उरलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, की हे संपलं की संपलं.

तिसरा सूर अभ्यासकांचा. तो सर्वांत हळू असतो आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. ते म्हणतात, विका, पण आधी आम्हाला बघू द्या. शीट तोडायच्या आधी त्याचा चांगला फोटो काढा. कुठल्या दप्तरातून कधी आलं ते लिहा. एकदा शीटची शंभर तिकिटं शंभर घरी गेली, की ती कोणत्या क्रमाने होती हे परत कुणालाही सांगता येणार नाही.

हे म्हणणं नीट समजायला आपल्या दक्षिणी संस्थानांचे कागद बघावेत. सांगली, मिरज, औंध, भोर, फलटण, जत, सावंतवाडी, कोल्हापूर या संस्थानांचे स्वतःचे कोर्ट फी स्टॅम्प आणि स्टॅम्पपेपर होते. ८ मार्च १९४८ला दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर पुढच्या वर्षी १ मार्चला. त्यांचे स्टॅम्प निरुपयोगी झाले. न वापरलेला साठा होता तो होताच. त्याहून कितीतरी मोठा गठ्ठा होता तो निकालात निघालेल्या खटल्यांच्या आणि खरेदीखतांच्या कागदांचा. जिथे जिथे असे कागद जुने म्हणून निघाले, तिथे ते रद्दीत आले. रद्दीवाल्याने वरचा मुद्रांक कात्रीने कापला आणि डीलरला दिला. खालचा कागद किलोवर गेला. मुद्रांकांची पुढे मोजदाद झाली. एडॉल्फ कोपेल आणि रेमंड मॅनर्स या दोघांनी शेकडो भारतीय संस्थानांच्या मुद्रांकांची जाडजूड सूची केली आणि जगभरचे संग्राहक तिच्या क्रमांकांनी आपली खरेदी-विक्री करतात. कागदांची मोजदाद कोण करणार?

माझ्याकडे असाच एक कापलेला मुद्रांक आहे. आगपेटीहून थोडा मोठा, निळसर, संस्थानिकाची पगडीतली मुद्रा. फोर्टात एका फेरीवाल्याकडून चाळीस रुपयांना घेतला होता. मागे उलटवला, की मोडीत अडीच ओळी दिसतात. कात्री जिथून गेली तिथे अक्षरं अर्धी तुटली आहेत. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याला दाखवलं. त्यांनी ‘विहीर’ आणि ‘उत्तरेस’ एवढे दोन शब्द लावून दिले. कुणाची तरी विहीर, कशाच्या तरी उत्तरेला. बाकीचं सगळं त्या गावाचं, त्या भांडणाचं, त्या माणसांचं, रद्दीत गेलं. त्या वेळी कुणाला तरी कागद जास्तीचा वाटला होता आणि मुद्रांक ठेवण्याजोगा. आज जाणते संग्राहक पूर्ण कागदाला कापलेल्या मुद्रांकाच्या कितीतरी पट मोल देतात. काय जास्तीचं, हे एका पिढीने ठरवलं आणि दुसऱ्या पिढीने उलटं केलं.

आमच्या सांताक्रूझच्या पश्चिमेलाच याचं आणखी एक उदाहरण उतरलेलं आहे, अगदी शब्दशः. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि जुहूच्या धावपट्टीवर उतरले. बरोबर पंचवीस किलोच्या आसपास टपाल होतं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. त्या फेरीतली पाकिटं संग्राहक जपतात. एका चळतीत ठेवली तर ती सारखीच वाटतात, आणि अशी दहा पाकिटं एखाद्या संग्रहात असली तर आठ विकायचा मोह होणारच. पण पाकीट उलटवलं, की मागे ते कुठे पोचलं तिथला शिक्का असतो. कुणाचं मुंबईत थांबलं, कुणाचं पुढे गेलं. ही दहा पाकिटं एकत्र असतात तेव्हा त्या दिवशीच्या टपालाचा रस्ता दिसतो. सुटी झाली, की प्रत्येक पाकीट नुसतं एक महागडं पाकीट उरतं.

भारतात सरकारी संग्रहालयाने तिकिटांचा लिलाव पुकारावा, ही आपल्या सवयीतली गोष्ट नाही. दिल्लीत संसद मार्गावरच्या डाक भवनात १९६८पासून राष्ट्रीय टपालतिकीट संग्रहालय आहे. सिंध डाकपासूनची तिकिटं तिथे बघता येतात. १८५२ सालची ही सिंध डाक म्हणजे आशिया खंडातलं पहिलं चिकटतिकीट, आणि ते काढणारे बार्टल फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. आपल्या जनरल पोस्टाच्या मागचा पी. डिमेलो रस्ता पूर्वी त्यांच्याच नावाचा होता. अशा संग्रहातली वस्तू मोडक्या खुर्चीसारखी निर्लेखित करता येत नाही आणि येऊही नये. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्या देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे.

पण न विकणं म्हणजे जपणं नव्हे, हेही तितक्याच जोरात सांगायला हवं. आपल्याकडे वस्तू जाते ती लिलावात नाही, कपाटात. आणि कधी कधी ती मानाने, हसतमुखाने दिली जाते. १५ ऑगस्ट १९४८ला गांधीजींची चार तिकिटं निघाली, स्वित्झर्लंडमध्ये कूर्वोझिएने छापलेली, वर नागरीत आणि उर्दूत ‘बापू’. त्यांतल्या शंभर संचांवर ‘सर्व्हिस’ असा छाप मारून ते गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या कचेरीसाठी दिले गेले. काही भेटीदाखल वाटले गेले, काही दिल्लीच्या संग्रहालयात आहेत. दहा रुपयांच्या त्या छापाच्या तिकिटांची चाराची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ज्यांच्या हाती १९४८ साली ते संच भेट म्हणून आले, त्यांच्यापैकी कितीजणांनी ती सरकारी आठवण म्हणून एखाद्या खणात टाकली असेल, असं माझ्या मनात येतं.

मला विचाराल तर कोणत्याही संग्रहालयाने जास्तीची तिकिटं काढण्यापूर्वी एक वर्ष थांबावं. त्या वर्षात ती टेबलावर मांडावीत. शाळेतल्या मुलांना बोलवावं, एकेकाच्या हाती चिमटा आणि भिंग द्यावं. त्या त्या विषयात मुरलेल्या संग्राहकांना बोलवावं. महापेक्ससारख्या प्रदर्शनांना तालुक्याच्या गावांहून येणारी अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांना मानधन नको असतं, दुपारचा चहा आणि उजेडाची खिडकी पुरते. प्रत्येक शीट उलटवून बघावं. जे नंतरही खरोखर दुबार उरेल, त्यातलं आधी एखाद्या जिल्ह्याच्या गावच्या संग्रहालयाला द्यावं, जिथे एकही नाही. मग जे राहील ते खुशाल विकावं, दिवस जाहीर करून, यादी छापून, ‘यानंतर एवढंच आमच्याकडे राहील’ असं लिहून. भाव थोडे उतरतील. संग्राहकांचा विश्वास उतरणार नाही.

काकांच्या शीटांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. वर्तमानपत्रावर सुकलेली तिकिटं त्यांनी उशाखालच्या जाड पुस्तकांत दाबून सरळ केली. त्याला महिना लागला. एकेक तिकीट हातात घ्यावंच लागत होतं, आणि त्या महिन्यात ते मला अधूनमधून फोन करत. "अरे, ह्या शीटच्या कडेला रंगांचे ठिपके आहेत बघ, छापखान्याचे. हे मला माहीतच नव्हतं." किंवा, "महर्षी कर्व्यांचं तिकीट आहे का रे तुझ्याकडे? अठ्ठावन्न सालचं? माणूस हयात असताना काढलंय सरकारने, शंभर पुरी झाली म्हणून." अठ्ठावन्नचं तिकीट त्यांच्या शीटांत नव्हतं, अल्बमात होतं, पण शीटं हाताळता हाताळता अल्बमही परत उघडले गेले होते.

त्या दिवाळीला मला त्यांचं पाकीट आलं. कलिन्याहून माझ्या घरी चालत वीस मिनिटं लागतात. पाकिटावर पाच-पाच आणि दहा-दहा पैशांची तिकिटं पुढून मागून, कडेला कड लावून चिकटवलेली होती, पोस्टातल्या बाटलीतल्या डिंकाने. पत्त्याला जेमतेम जागा उरली होती. काउंटरवरच्या माणसाने प्रत्येक तिकिटावर सांताक्रूझचा शिक्का मारला होता, एकही न सोडता. घाईत दोन शिक्के तिरके बसले आहेत, एकाची शाई फुटली आहे. आत शुभेच्छांचं एक कार्ड होतं. ते काढायला मी पाकीट वरून ब्लेडने उघडलं, तिकिटांना पातं लागू न देता.